गादा किनाऱ्याला लागला तर आधी ओलं फडकं

महोदय,

कोकणात गादा, म्हणजे डॉल्फिन, किनाऱ्याला लागल्याची बातमी येते. सोबतच्या फोटोत कोणी त्याच्या पाठीवर हात टेकून उभा असतो, तर कोणी शेपटीला दोर बांधत असतो. माणसं मदतीलाच धावलेली असतात. पण ऊन आणि ओढाताण त्या जनावराच्या जिवावर बेतते, म्हणून हे पत्र.

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. त्या पाण्यात अंग ऊबदार राहावं म्हणून डॉल्फिनच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. जास्तीची उष्णता बाहेर टाकायची ती बाजूच्या आणि पाठीवरच्या परांतून व शेपटीतून. तिथे चरबी जवळपास नसते आणि रक्तवाहिन्या वरच्यावर असतात. वाळूवर आल्यावर पाण्याचा आधार जातो, चरबी मात्र तशीच राहते आणि जनावर आतल्या आत तापत जातं.

आमच्याकडे एकदा सकाळी गादा लागला होता. कातडीला हात लावला तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. वर ना केस, ना खवले. उन्हं चढली तशी पाठ सुकली, पोरांच्या नखांचे ओरखडे पांढरे उमटले आणि दुपारी तर पापुद्रे सुटायला लागले. एका मच्छीमार भावाने खांद्यावरचा पंचा भिजवून पाठीवर टाकला. तेवढ्या गर्दीत नेमकं काम करणारा तो एकटाच.

ओली फडकी घालावीत, परांवर आणि शेपटीवर सतत पाणी ओतावं. डोक्यावरचं श्वासाचं भोक मात्र उघडं ठेवावं, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. पोटावर सरळ ठेवून बाजूच्या परांखाली वाळूत खड्डे करावेत. शेपटीला धरून ओढणं तर नकोच. तेल, मलम असलं काही चोळू नये. गर्दी लांब ठेवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला आहे, हेही लोकांना ठाऊक हवं.

अशी बातमी छापाल तेव्हा शेजारी एका चौकटीत एवढं द्यावं आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही, ही विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, गुहागर