चौंडकं वाजवणारीचं नाव पण छापा

संपादकसाहेब, नमस्कार.

मार्गशीर्षात कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लमादेवीच्या यात्रेचा एक फोटो तुम्ही आतल्या पानावर चांगला मोठा लावला होता, भंडारा उधळलेला, मागं गर्दी, पुढं हिरव्या साडीतली एक जोगतीण, म्हणजे देवीच्या सेवेला वाहिलेली. खाली लिहिलं होतं 'पारंपरिक वाद्य वाजवताना तृतीयपंथी'. बास, एवढंच. फोटोतली आक्का आमच्या गल्लीतली आहे म्हणून हे पत्र लिहितोय, नाहीतर मीही पान उलटून पुढं गेलो असतो.

आधी वाद्याचं. त्याला चौंडकं म्हणतात. लाकडाचं पिंप, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं, चामड्याच्या मधनं तात म्हणजे तार ओवलेली आणि तिच्या टोकाला छोटी मूठ. पिंप डाव्या काखेत दाबायचं, डाव्या हातानं मूठ ओढून तात ताणायची आणि उजव्या हातानं छेडायची, ताण कमीजास्त केला की आवाज माणूस बोलल्यासारखा वरखाली होतो. आमच्या आक्काचं चौंडकं पावसाळ्यात सादळतं, मग ती ते चुलीजवळ धरून बसते, बोटानं चामडं टकटक वाजवून बघते, अजून नाही, अजून नाही, आणि एकदा का बरोबर बोललं की तिचा चेहराच बदलतो. परशुरामानं राक्षसाला मारून त्याच्या मुंडक्याचं वाद्य केलं आणि आईपुढं, म्हणजे रेणुका-यल्लमापुढं वाजवलं तेच हे चौंडकं, ही गोष्ट मी तिच्याकडूनच ऐकलीय.

आता माणसाचं. आमच्याकडं गडीमाणूस हलगी वाजवंल, ढोल वाजवंल, पण चौंडकं हातात घेणार नाही, घेतलं की लोक म्हणणार ह्याला देवी लागली. म्हणजे चौंडकं काखेत आलं की तो माणूस कोण हे गावाला न सांगता कळतं. आक्का लहानपणी पोरगा म्हणून वाढली, चालण्याबोलण्यावरनं घरात मार खाल्ला, शाळा सुटली, आणि मग एक दिवस यल्लमाच्या नावानं गळ्यात मोत्यांचं दर्शन, म्हणजे देवीची माळ, आणि काखेत चौंडकं आलं तसं तिला मारणारेच पाया पडायला लागले. ती म्हणते, 'साडी मला कुणीबी नेसू दिली नसती, चौंडक्यानं नेसवली.' हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

पण हा मान मंगळवार आणि शुक्रवारपुरताच हो. जोगवा मागायला आली की 'उदं गं आई उदं' म्हणून परडीत पीठमीठ घालणार आणि बुधवारी खोली भाड्यानं मागितली तर कुणी देणार नाही. कलावंत मानधनासाठी एका ऑफिसात गेली तर कागदावर नाव बाप्याचं आणि समोर बाई, म्हणून चार हेलपाटे घालून रिकाम्या हातानं परत. सुप्रीम कोर्टाच्या 15 एप्रिल 2014 च्या निकालात जोगत्यांचा, म्हणजे देवीला वाहिलेल्या आक्कासारख्यांचा उल्लेख आहे, 2019 च्या केंद्राच्या कायद्यात तर किन्नर, हिजडा, अरवानी यांच्याबरोबर जोगता हा शब्द सरळ व्याख्येतच लिहिलाय, आणि ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. दिल्लीत छापलेला शब्द आमच्या टेबलापर्यंत यायला एवढी वर्षं का लागतात?

काही वाचक म्हणतील की ही अंधश्रद्धा आहे, तिचं कौतुक कशाला. त्यांचं निम्मं मला मान्य आहे. केसात जट आली म्हणून लेकरू देवीला सोडणं हा गुन्हाच मानला पाहिजे, कर्नाटकानं 1982 साली आणि आपण 2005 साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही, पण हे दोन्ही कायदे देवाला सोडलेल्या बायकांसाठी केलेले, जोगता झालेल्या पोराला त्यात जागा नव्हती. आणि एक सांगतो, सगळ्यांना जबरदस्तीनं सोडलेलं नसतं, ज्याला आतून बाई म्हणून जगायचं होतं त्याला गावात हा एकच दरवाजा उघडा होता. दुसरे दरवाजे उघडायच्या आधी हाही बंद केला तर ती माणसं जाणार कुठं?

शेजारी बघा. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती याच परंपरेतल्या, 2019 मध्ये कर्नाटक जनपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री घेताना राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. त्यांच्या बातमीत नाव होतं, कला होती, त्यामुळं आमच्या आक्कानं तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर सात-आठ वेळा लावायला लावला. आणि आपल्या कोल्हापूर-सांगलीत काय? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण चौंडकं बांधणारे हात किती उरलेत हे कुणी मोजलंय का? कॉलेजच्या युथ फेस्टिवलला पोरं साडी नेसून जोगवा करतात, बक्षीस घेतात, आणि खरी वाजवणारी मांडवाच्या बाहेर उभी असते. तिला आत बोलवा, तीन दिवस शिकवायला ठेवा, मानधन द्या. चौंडकं शिकायला कुणाला देवाला सोडायची गरज नाही.

तर संपादकसाहेब, एवढंच करा. माघ पौर्णिमेला पुन्हा तुमचा फोटोग्राफर जाईल, तेव्हा फोटो काढल्यावर दोन मिनिटं थांबून विचारायला सांगा, तुमचं नाव काय, छापू का, आणि हे वाद्य कुणाकडून शिकलात. आक्काचं नाव मी इथं लिहीत नाही कारण तिला अजून विचारलेलं नाही. तुमचं ते कात्रण मात्र तिनं देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवलंय, आणि खालची ओळ कात्रीनं कापून टाकलीय.

आपला,
एक जुना वाचक, गडहिंग्लज