सायली, डोंगरावर जायच्या आधी हे वाच

चि. सायली,

काल तू चिडून फोन ठेवलास. मम्मी म्हणाली आता लगेच परत करू नका, म्हणून लिहायला बसलो. जाऊ नको असं म्हणणार नाहीये, जा, जपानचा तो ओंताके ज्वालामुखी बघ, तीन हजार मीटरवर चढायला जिगर लागते आणि ती तुझ्यात आहे हे मला माहीत आहे. पण "पप्पा, अहो लेव्हल 1 आहे, काय होत नाही" हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. लेव्हल 1 म्हणजे ज्वालामुखीच्या इशाऱ्याची सगळ्यात खालची पायरी, एवढंच.

2014 ला 27 सप्टेंबरला पण लेव्हल 1 च होती गं. शनिवार, झाडांची पानं रंगलेली, दुपारी बाराला थोडं कमी, कितीतरी लोक वर शिखरावर जेवायला टेकलेले. लाव्हा वगैरे काही नाही. डोंगराच्या पोटातलं पाणी तापून, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर उसळतं तसं, एकदम वाफ होऊन फुटलं आणि दगड उडाले. 58 माणसं गेली, 5 अजून सापडली नाहीत. बहुतेकांना दगडच लागले. काहीजण राखेचा ढग अंगावर येताना फोटो काढत उभे राहिले होते, आणि तू पुरात पण गच्चीवर मोबाईल धरून उभी होतीस, म्हणून मला जास्त भीती वाटते.

आण्णांचं आठवतंय ना? 2005 ला पुराचं पाणी पायरीला लागून परत गेलं, म्हणून 2019 ला जागचे उठेनात. तेव्हा आलं नाही ते आता काय येतंय, एवढंच धरून बसलेले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांवर गेली तरी देवघरासमोर बसून होते. मी ओरडलो, काका पाया पडले, कुणाचं ऐकलं नाही. तू हाताला धरलंस आणि गपगुमान नावेत बसले. तेव्हा किती लहान होतीस तू. आजीचं शिलाई मशीन तेवढं राहिलं, ते नंतर चिखलातून काढलं, अजून चालतं.

तर सांगायचं काय होतं, हेल्मेट घे. निघायच्या आधी तिथल्या हवामान खात्याचं पान बघ, नुसती लेव्हल नको, बारीक भूकंप वाढलेत का तेही बघ, 2014 ला सप्टेंबरच्या दहा-अकरा तारखेलाच वाढले होते. वर गेलीस की निवारे कुठं बांधलेत ते आधी बघून ठेव. आवाज आला, धूर दिसला की मोबाईल खिशात, निवाऱ्यात नाहीतर मोठ्या खडकाच्या आडाला जायचं, सॅक डोक्यावर धरायची. खोलगट जागेत थांबू नको, विषारी वायू तिथंच साचतो. आणि त्या दिवशी लेन्स घालू नको, चष्माच घाल, ती राख आपल्या चुलीतल्यासारखी मऊ नसते, दगड आणि काचेचा चुरा असतो, डोळा ओरखडतो. एन-95 मास्क पण ठेव.

परत लेक्चर झालं, सॉरी. तू आता पंचवीसची झालीस, जपानी बोलतेस, नागोयाच्या कंपनीत एवढ्या माणसांत एकटी मराठी. मी शेजारी सांगत सुटतो, मम्मी वैतागते. पण बापाला पोरगी हुशार आहे म्हणून झोप लागते असं नसतंय बघ.

चढायच्या आधी फॉर्म भरायचा असतो ना, त्यात कोणत्या वाटेनं जाणार ते लिहितात, त्याचा एक फोटो मला पाठव. जपानीत असला तरी चालेल, मी मोबाईलवर भाषांतर करून घेतो. मम्मी शेंगदाण्याची चटणी पाठवायची म्हणते, पत्ता नीट टाईप करून दे, मागच्या वेळी पार्सल परत आलं होतं. आणि हेल्मेट तिथं भाड्याने मिळतं का ते आजच विचार, नसेल तर विकत घे, पैसे मी टाकतो.

तुझा,
पप्पा
गावभाग, सांगली