काका, तुमचे आभार मानायचे राहून गेले

प्रिय काका,

तुमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून १५ दिवस झाले. निघताना टेम्पोवाला हॉर्न मारत होता, लाइट बिलाचा हिशोब मिटायचा होता, किल्ली द्यायची होती, त्या गडबडीत तुम्हाला नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

नऱ्ह्याच्या त्या टू बीएचकेत आम्ही चौघं. बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून इलेक्ट्रॉनिक्सचं काहीबाही आणून आणून माझा कोपरा भरला होता, बाकीच्यांना तो पसाराच वाटणार. शिफ्टिंगच्या घाईत एकाने माझा खोका भंगारात द्यायला खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवला. तुम्ही तो उघडलात, आत आयसी (चिप्स) न् बोर्ड दिसले तसा उचलून घरी नेलात आणि फोन केलात, "अरे, ह्यात तुझी मेहनत आहे, ये घेऊन जा." मी तेव्हा रडायचाच बाकी होतो.

नंतर रात्री साडेबारापर्यंत माझ्यासोबत फरशीवर बसलात. स्क्रूच्या स्टीलच्या डब्यात मी चार १८६५० लिथियम सेल (रिचार्ज होणारे) तसेच टाकले होते, ते बघून तुम्ही एकदम गप्प झालात, मग एकेक सेल पुसून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलीत, काकूंकडून प्लॅस्टिकचा डबा मागून त्यात ठेवलेत. टेम्पोच्या हादऱ्यात स्क्रू आडवा पडून शॉर्ट झालं असतं तर सेल तापून पेटले असते, आणि शेजारीच माझी गादी न् पुस्तकं. अजून आठवलं की धडकी भरते.

आणि ब्रेडबोर्डवरचं (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी) ते टाकीच्या पाण्याची लेव्हल दाखवणारं सर्किट! वायरी निघणार म्हणून मी ते मोडायलाच निघालो होतो. तुम्ही आधी वरून फोटो काढायला लावलात, मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एकेक वायर बघत अख्खं सर्किट काढलंत. काढता काढता तुमची पेन्सिल थांबली. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची एको पिन (जिथून सिग्नल बाहेर येतो) ५ व्होल्ट देते आणि मी ती सरळ ईएसपी३२ ला, म्हणजे कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डला जोडलेली, ज्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. चूक वायरिंगमध्ये होती आणि महिनाभर मी ती कोडमध्ये शोधत होतो काका.

इकडे वारज्याला आल्यावर कपड्यांची बॅग नंतर उघडली, आधी तुमचं पान भिंतीला चिकटवलं. सांगितलंत तसे व्होल्टेज कमी करायला तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे, १ के चे (१००० ओहमचे) तीन रेझिस्टर घेतले, एक वर, दोन खाली सिरीजमध्ये. मधल्या जोडावर मल्टिमीटर लावून मोजलं, ५ चे ३.३ झाले होते. सर्किट चाललं, बादलीत पाणी ओतत गेलो तसा आकडा हलत गेला.

तुम्ही माझ्या सामानाला कधीच कचरा म्हणाला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा सोल्डर सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचा पंप) माझ्याकडेच राहिलाय, रविवारी सकाळी घेऊन येतो, सोबत सर्किट पण आणतो. काकूंना डबा पण परत करायचाय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा