‘दोन्ही लिहून ठेवा’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. आभार मानायचेच असतील तर कामाचे माना, माझे नकोत, असं तुम्ही निक्षून सांगितलं होतं. तेव्हा नाव राहू दे. आभार मात्र मला सगळ्यांसमोरच मानायचे आहेत. घरातल्या मोठ्यांच्या नाताळच्या आठवणी टेप करून तुम्ही आमच्या घरासाठी जे केलंत ते कुठल्याही घरात करता येण्याजोगं आहे, आणि वेळेवर झालं नाही तर पुन्हा होत नाही.

बाबा गेले त्या वर्षीचा नाताळ आम्ही कसाबसा पार पाडला. गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा मूर्तींचा देखावा, काढली खरी, पण मांडताना हात अडत होते. कान तुटलेली मेंढी मागच्या रांगेत का ठेवायची, म्हाताऱ्या मेंढपाळाचं तोंड दाराकडे का, बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीच्या उपासनेपर्यंत रुमालात गुंडाळून कुणाकडे सोपवायची, हे सगळं बाबांना ठाऊक होतं. दरवर्षी हे असंच होतं, एवढंच आम्ही पाहिलेलं. कधीपासून होतं आणि कुणी सुरू केलं, हे सांगणारा माणूस घरातून गेला होता. आत्या आणि काका होते. पण त्या दोघांना एकत्र बसवून जुना नाताळ काढला की वाद ठरलेला.

तो वाद एकाच वर्षाचा होता. आजोबा आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, वारले, त्या वर्षाचा. आत्या म्हणायची, त्या नाताळात घरात काहीही झालं नाही, कंदिलाची चांदणी लागली नाही, गव्हाणी निघाली नाही, कुणी गायलं नाही. काका म्हणायचे, चांदणी लागली होती, मी या डोळ्यांनी पाहिली. आम्ही पोरं हे ऐकतच मोठी झालो. आत्याला वाटे, काका त्या दुःखाचं वजन कमी करतात. काकांना वाटे, आजीनं धीर धरून जे केलं ते आत्या पुसून टाकते. बाबा मधे पडत नसत. ते तेव्हा फार लहान होते.

तुम्ही आलात आणि पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे दोघांना वेगवेगळं बसवलंत. एक बोलत असताना दुसरा त्या खोलीत नको. मग तुमचे ते प्रश्न! ‘तुमचा सगळ्यात आवडता नाताळ कोणता’ असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, घराचं दार कुठल्या बाजूला उघडायचं? चांदणीच्या आत उजेड कशाचा असायचा? ती टांगताना खालून कोण धरायचं? उपासनेहून परतताना पुढे कोण चालायचं? ‘मला काही आठवत नाही गं’ म्हणत बसलेली आत्या दाराच्या प्रश्नावर बोलू लागली, ती थांबेचना. तिच्या बापाच्या खोकल्याचा आवाज तिनं काढून दाखवला. तो आवाज आमच्यापैकी कुणीच ऐकलेला नव्हता.

नंतर तुम्ही मला त्यातलं मर्म सांगितलंत. माणसाला ‘सांगा’ म्हटलं की तो सारांश सांगतो, ‘दरवर्षी आम्ही असं करायचो’ म्हणतो आणि गप्प होतो. जागा विचारली, वास विचारला, हातात काय होतं ते विचारलं, की एखादी विशिष्ट रात्र वर येते. आणि ती येत असताना ऐकणाऱ्यानं शब्द पुरवायचा नाही. ‘लाल होती ना चांदणी?’ असं आपण म्हटलं की ती पुढे कायमची लाल होऊन बसते, कारण आठवण दर वेळी सांगताना थोडी नव्यानं घडते. तुम्ही कितीतरी वेळा नुसत्या थांबून राहिलात. ती शांतता मला सुरुवातीला जड जायची. आता टेप ऐकताना लक्षात येतं, सगळ्यात मोलाची वाक्यं त्या शांततेनंतरच आली आहेत.

‘तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?’ हा प्रश्न दोघांनाही विचारला गेला. काका बाहेर रस्त्यावर होते, गीतं गात घरोघर फिरणाऱ्या मुलांबरोबर. आत्या आतल्या खोलीत आजीच्या उशाशी बसलेली होती आणि रात्रभर बाहेर आलीच नाही. मला वाटलं, झाला उलगडा! चांदणी बाहेर होती, आत्या आत होती, दोघंही खरी. मी तसं लिहायलाही घेतलं. तुम्ही माझा हात धरलात. चांदणी आमच्याच घराची होती की शेजारच्या खिडकीतली? आमची असेल तर लावली कुणी? हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘दोन्ही लिहून ठेवा. कुणी सांगितलं, कुठल्या तारखेला सांगितलं, तेही लिहा. जोडून एक करू नका,’ असं तुम्ही म्हणालात.

ताई, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

त्या रात्री मी बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी येशूच्या जन्माची गोष्ट सांगणारी दोन, मत्तय आणि लूक, शेजारी शेजारी ठेवून वाचली. इतकी वर्षं उपासनेत ऐकलेलं, पण असं समोरासमोर कधी ठेवलं नव्हतं. लूकमध्ये नावनिशी, म्हणजे लोकांची नोंदणी आहे, उतरायला जागा नाही, गव्हाणी आहे, रानातले मेंढपाळ आहेत, तारा नाही. मत्तयमध्ये तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत, हेरोद राजा आहे. मेंढपाळ नाहीत, आणि ते ज्ञानी लोक येतात ते ‘घरात’. ते तिघे होते असंही मत्तय म्हणत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आपण तो आकडा धरला. पुढे मत्तयमध्ये योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन मिसर (इजिप्त) देशात पळतात, लूकमध्ये ती यरुशलेमेच्या मंदिरात जातात आणि मग नासरेथला परततात. मार्क आणि योहान जन्माची गोष्ट सांगतच नाहीत. गव्हाणीतले आपले लाडके बैल आणि गाढव तर चौघांपैकी कुणाकडेच नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या पहिल्या अध्यायातून आलेत. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गवत घालून गव्हाणी उभी केली तेव्हा त्यानं जिवंत बैल आणि गाढव आणून बांधले होते.

दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या एका विद्वानानं चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग कथा तयार केली होती. सिरियाक भाषेच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. वाचायला ती सोपीच गेली असणार. तरी शेवटी मंडळीनं चार वेगवेगळी शुभवर्तमानंच जपली, त्यांच्यातल्या फरकांसकट. हे वाचताना मला आत्या आणि काका दिसत होते. ज्या सणाची मूळ गोष्टच दोन तोंडांनी सांगितलेली आहे, त्या सणाच्या आमच्या घरातल्या आठवणीला एकच तोंड असावं असा हट्ट आम्ही का धरावा? कुणाला हे फार लांबचं नातं वाटेल. मला नाही वाटत. त्या रात्रीपासून मी गव्हाणी मांडते ती वेगळ्या नजरेनं. मेंढपाळ लूकचे, ज्ञानी लोक मत्तयचे, आणि सगळे एकाच छपराखाली उभे.

तुम्ही घाई करायला का सांगत होता, तेही मला उशिरा उमगलं. ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताची हकिकत मी तुम्हाला फोनवर सांगितली होती, आठवतं? योसेफ मोर या तरुण धर्मगुरूनं शब्द लिहिले, फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरनं चाल दिली, आणि १८१८ च्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ते गिटारवर म्हटलं. गीत पसरलं, नावं मागे पडली. मोर १८४८ मध्ये वारला. पुढे बर्लिनहून विचारणा आली की हे गीत मिखाएल हायडन या संगीतकाराचं तर नाही ना? तेव्हा म्हाताऱ्या ग्रुबरनं ३० डिसेंबर १८५४ रोजी सगळी हकिकत कागदावर उतरवली. गिटारच का घेतली हे मात्र त्यानं लिहिलं नाही. त्या रिकाम्या जागेत मग चर्चमधल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशा कथा वाढल्या. शब्द १८१६ चे, हेही नीट कळलं ते १९९५ मध्ये मोरच्या हातचा कागद उजेडात आला तेव्हा. कुणीतरी एक प्रश्न वेळेत विचारला म्हणून एवढं तरी हाती राहिलं.

तुम्ही शिकवलेल्या बारीकसारीक गोष्टी आता आमच्या हातवळणी पडल्या आहेत. जुनी भेटकार्डं ठेवायची तर पाकिटासकट, कारण कार्डावर नुसतं ‘शुभ नाताळ’ असतं, साल सापडतं ते पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावर. फोटोच्या मागे नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फाटलेल्याला चिकटपट्टी लावायची नाही, ती काही वर्षांनी पिवळी पडून डाग धरते. आवाजाच्या फाइलींच्या प्रती एकाच घरात ठेवायच्या नाहीत. आणि टेपच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, तारीख, आणि हे कुणी ऐकलं तर चालेल हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

त्या शेवटच्या गोष्टीसाठी आत्या तुमचं नाव काढते. आजोबांच्या शेवटच्या दिवसांचा एक भाग ती बोलली आणि मग म्हणाली, हे मी असेपर्यंत कुणी ऐकायचं नाही. तुम्ही तिथल्या तिथे तो भाग वेगळा केलात, पाकिटावर तिची सही घेतलीत. त्यात काय आहे हे मी विचारलेलं नाही. सणाच्या दिवसांत लोक फक्त गोड तेवढंच मागतात. तुम्ही आत्याला रडू दिलंत, ‘थांबू या का?’ एवढंच विचारलंत, आणि ती नको म्हणाली तशा बसून राहिलात.

गेल्या आगमनकाळात, दोघांच्या संमतीनं, आम्ही ती दोन ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक लावली. काकांनी आत्याचं सगळं बोलणं पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकलं. चांदणीबद्दल त्यांनी आपलं मत बदललेलं नाही, आत्यानंही नाही. पण संपल्यावर काकांनी तिला विचारलं, ‘त्या रात्री आई काय बोलत होती?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. ती सांगत होती ते मी रेकॉर्ड केलं नाही. ते त्या दोघांचं होतं, आणि तुम्ही असतात तर तुम्हीही यंत्र बंदच ठेवलं असतं.

वही आता तयार आहे. त्या वर्षाच्या पानावर डाव्या बाजूला आत्याचं सांगणं आहे, उजव्या बाजूला काकांचं, खाली दोघांची नावं आणि तारखा. बाबांच्या नावाचंही पान ठेवलं आहे. त्यांनी आम्हाला सांगितलेलं जे आम्हा भावंडांना आठवलं ते तिथे आहे, प्रत्येकाचं वेगळं. मेंढपाळाचं तोंड दाराकडे का, याची तीन कारणं लिहिलेली आहेत. वहीची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे.

आणि एक विनंती आहे. तुम्ही आमच्या घरातल्या प्रत्येकाला विचारलंत, पण तुमच्या घरचा नाताळ कसा असायचा, हे आम्हाला ठाऊक नाही. तुमच्या घराचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, ताई? मी यंत्र घेऊन येते. मधे बोलणार नाही, शब्द पुरवणार नाही. तुम्हाला सोयीचा दिवस तेवढा कळवा.

तुमची ऋणी,
आत्याची भाची