तुरुंगाच्या चित्रातून वसुलीची वहीच कापली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत लंडनच्या जुन्या फ्लीट तुरुंगावरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल अभिनंदन. चित्राबद्दल मात्र नाही. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थ याच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या, उधळ्या टॉम रेकवेलची कथा सांगणाऱ्या आठ चित्रांच्या मालिकेतलं सातवं मुद्राचित्र (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) चार कॉलमांत बसवण्यासाठी आपण एका कडेने छाटलंत, आणि नेमकी तीच कड गेली जिथे तुरुंगाचा माणूस वसुलीची वही घेऊन उभा आहे. बिअरचे पैसे मागणारा पोरगाही त्याच्याबरोबर गेला. उरलं काय? हताश टॉम रेकवेल, त्याच्यावर खेकसणारी एकाक्ष म्हातारी बायको आणि मूर्च्छा आलेली सेरा, त्याने पूर्वी सोडून दिलेली मुलगी. घरगुती भांडणच झालं की हे!

लेखात दोनदा ‘गुन्हेगार’ आलंय. फ्लीटमध्ये मुख्यतः कर्जदार असत, आणि न्यायालयाचा अवमान केलेले काही. देणं फिटेपर्यंत सुटका नाही, आणि आत असताना खोलीचं भाडं, दाखल होण्याची फी, खाणंपिणं, सगळं कैद्याच्याच खिशातून. शिवाय नव्या कैद्याकडून उकळायची ती ‘गार्निश’ नावाची दस्तुरी. चित्रातला तो माणूस तिच्याचसाठी हात पसरून उभा आहे. वॉर्डनची, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाची जागासुद्धा विकाऊ होती. थॉमस बॅम्ब्रिजने एका भागीदारासह १७२८ साली ती ५००० पौंडांना घेतली. मग तो पैसा कुठून वसूल करणार होता? रॉबर्ट कॅस्टेल नावाच्या वास्तुशास्त्राच्या अभ्यासक कैद्याला जादा पैसे देता येईनात, तर बॅम्ब्रिजने त्याला देवीची साथ असलेल्या घरात डांबलं आणि तो तिथेच मेला. त्यातून संसदेची चौकशी समिती नेमली गेली, आणि त्या समितीचं चित्रही हॉगार्थनेच रंगवलं. त्याचे स्वतःचे वडील कर्जापायी याच फ्लीटमध्ये होते. असल्या माणसाने काढलेली वही कापताना कात्री थोडी अडखळायला हवी होती.

मागच्या बाजूला सोनं बनवायची भट्टी आहे, पलंगाच्या छतावर कुणाचे तरी पंख ठेवलेत आणि एका कैद्याच्या खिशातून राष्ट्रीय कर्ज फेडण्याच्या योजनेचा कागद घसरतोय. स्वतःचं कर्ज फिटेना म्हणून आत बसलेल्याची योजना! टॉमपुढचं पत्र म्हणजे त्याचं नाटक नापसंत केल्याची चिठ्ठी. आपल्या छपाईत हे सगळं काळं ढब्ब.

लेखकाने वर्णन केलंय ते लंडनच्या सर जॉन सोन म्युझियममधल्या, याच प्रसंगाच्या तैलचित्राचं, छापलंय मुद्राचित्र. म्हणून त्यांचं ‘डावीकडे’ आपल्या पानावर उजवीकडे आलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईने रेघा ओढतात, उघड्या पडलेल्या रेघा आम्लाने खातात, लागेल तिथे हत्याराने खोल करतात. मग रेघांत शाई भरून ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढतात. पत्र्यावर चित्र सरळ कोरलं की कागदावर आरशासारखं उलटं येतं. अक्षरं मात्र मुद्दाम उलटी कोरतात, म्हणून ती वाचता येतात. एवढं तरी पाहायचं होतं.

आता कळस. चित्राखाली आपण छापलंय : ‘सौजन्य : इंटरनेट’. त्याच्या चित्रांच्या चोरून नकला छापणाऱ्यांनी छळल्यामुळे याच हॉगार्थने इतर कलावंतांना घेऊन संसदेकडून कायदा करून घेतला. मुद्राचित्राला १४ वर्षांचं संरक्षण, अट एवढीच की मालकाचं नाव आणि तारीख पत्र्यावर कोरलेली हवी. या मालिकेची मुद्राचित्रं तयार असूनही त्याने कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे २५ जून १७३५ पर्यंत, ती विक्रीला काढली नाहीत. ते नाव आणि ती तारीख चित्राखालच्या पट्टीत आहे. आपण ती पट्टीही कापलीत. हक्क कधीच संपलाय, फुकट छापा. पण नाव तरी राहू द्या. धन्याला धत्तुरा आणि इंटरनेटला मलिदा!

पुढच्या रविवारी चित्र पूर्ण छापावं, खालच्या पट्टीसकट. जागा नसल्यास लेखाशेजारची गादीची जाहिरात एका बाजूने कापून पाहावी. दर कापून गेला तर जाहिरातदार काय म्हणतो ते कळेल.

आणि हो, शब्दकोड्याचं उत्तर सलग दोन रविवार आलेलं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा