वजन झालं, पण गिळता येतं का? : मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

माझी मुलगी ३१व्या आठवड्यात जन्मली, वजन १३५० ग्रॅम. पाच आठवडे ती सरकारी नवजात कक्षात होती. आधी नळीनं दूध, मग वाटी-चमच्यानं. काटा १८०० वर गेला आणि त्याच संध्याकाळी सुट्टी मिळाली. सिस्टर मायाळू होत्या, पण दोघींवर सगळा कक्ष. "दर दोन तासांनी पाजा" एवढं सांगून त्या पुढच्या बाळाकडे धावल्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बोंडलं काढलं, बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. चांदीचं, माझ्या नवऱ्यालाही त्यानंच पाजलेलं. बाळाला मांडीवर आडवं घेऊन दूध तोंडात सोडलं. ती रडली नाही, ठसकलीही नाही. ओठांच्या कडेनं दूध ओघळलं आणि ओठ जांभळे पडले. पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास परतला.

सासूबाईंचा काय दोष? त्यांनी पुऱ्या दिवसांची बाळं वाढवलेली. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यापासून बसू लागतो आणि इतक्या लवकर आलेल्या बाळाचा तो पुढेही डळमळतो, हे आम्हाला नंतर शहरातल्या एका स्पीच थेरपिस्टनी सांगितलं. बोलण्यासारखंच गिळण्याच्या अडचणींवरही त्या काम करतात. त्यांनी तेच बोंडलं हातात घेतलं. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, कड खालच्या ओठाला टेकवायची, ओतायचं नाही, तिचं तिला पिऊ द्यायचं. दोन-तीन घोट झाले की बोंडलं खाली, श्वास घेऊ द्यायचा. नाकपुड्या फुलल्या, दूध ओघळलं, की थांबायचं. वीस मिनिटांत शिकले मी.

ही वीस मिनिटं कक्षातच मिळायला हवी होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा केंद्रांसाठी स्पीच थेरपिस्टचं पद आहे. ती पदं भरा आणि त्या माणसाला सुट्टीआधी आईच्या खाटेपर्यंत येऊ द्या. नुसत्या वजनावर घरी पाठवू नका, आईला पाजताना आधी बघा. आशाताई घरी येतात, बाळ तोलतात. त्यांना एक पाजणं समोर बसून बघायला शिकवा. खेड्यातल्या बायका नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकतात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ते करून दाखवलं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं.

मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. मऊ भात खाते. अजूनही ती पाणी प्यायली की माझी नजर आधी तिच्या ओठांवर जाते.

आपली,
एक आई