शाळेच्या इतिहासात मुली कुठायत?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात गावोगावच्या हायस्कूलांच्या सुवर्णमहोत्सवाच्या, माजी विद्यार्थी मेळाव्यांच्या बातम्या नेहमी येतात, वाचून बरं वाटतं. पण स्मरणिका उघडली की जागा कोणी दिली, देणगी कोणाची, इमारतीचं उद्घाटन कोणी केलं हेच सगळं, आणि मुलींबद्दल काय तर "मुलामुलींसाठी शाळा सुरू झाली" एवढी एक ओळ.

आमच्या सातारा भागात खेड्यातल्या शिक्षणाचा विषय निघाला की कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं नाव येणारच. १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ ला गांधीजी तिथे येऊन गेले, १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांच्यामुळे किती घरांत शिक्षण आलं ते आम्हाला माहितीये. पण मुलगा बोर्डिंगात जाऊन राहू शकायचा, मुलीला त्या काळात कोण पाठवणार? तिच्यासाठी शाळाच गावात यावी लागत होती, आणि छोट्या गावात मुलींचं वेगळं हायस्कूल चालण्याइतकी पटसंख्या कुठली, म्हणून मुलं-मुली एकाच वर्गात. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रातला हा फार मोठा बदल आहे आणि त्यावर आपण पुरेसं लिहिलेलंच नाही.

माझी आत्या हुशार होती पण गावात सातवीपर्यंतच शाळा, हायस्कूल तालुक्याला, तिचे भाऊ सायकलवर गेले आणि ती घरी राहिली. पुढे गावात हायस्कूल आलं तेव्हा आम्ही बहिणी दहावीपर्यंत शिकलो. तेव्हाही सोपं नव्हतंच, मोठी झालेली पोरगी पोरांच्या वर्गात बसवायची का यावर घराघरात वाद व्हायचे, शाळेत एखादी बाई शिकवायला असली तर आईवडील तयार व्हायचे, आणि मुलींसाठी वेगळी मुतारी नाही या एका गोष्टीपायी कितीजणी घरी बसल्या असतील. नंतर मुलींची फी माफ झाली, अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळायला लागला, तेव्हा वाडीवस्तीवरच्या मुली यायला लागल्या.

हे सगळं शाळेच्या कपाटातच आहे हो! प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यात दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि "शाळा सोडल्याचे कारण" असा रकाना असतो. मुख्याध्यापकांनी नावं न देता नुसतं एवढं मोजावं, की पहिली मुलगी कोणत्या साली आली, दहावीपर्यंत किती पोचल्या, मधेच किती गेल्या आणि त्या रकान्यात काय लिहिलंय. जुनी रजिस्टरं वाळवीनं खायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवावेत. आणि पहिल्या बॅचच्या ज्या बायका आज गावात आजी आहेत त्यांना मेळाव्यात नुसतं हळदीकुंकवापुरतं न बोलवता माईक द्यावा, त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावं.

आता पट कमी म्हणून शाळा एकत्र करायची चर्चा चाललीये. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी असं सरकारचंच धोरण आहे, ते अंतर मुलीच्या दृष्टीनं किती असतं हे ही रजिस्टरं सांगतील, निर्णय घेणाऱ्यांनी आधी ती वाचावीत. आपल्या रविवार पुरवणीत यासाठी एक कोपरा द्याल का? पहिला मजकूर मी पाठवते.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, जि. सातारा